एकाच वाणाचे उंदीर कशाला?

प्रतिपिंडांचं (परक्या पदार्थांविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रथिनांचं) नियंत्रण कसं होतं हे शोधायला एका उंदराच्या पेशी दुसऱ्यात घालतात. पण दुसऱ्याचं शरीर त्या फेटाळणारच, मग नियंत्रण कळणार कसं, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. म्हणूनच या प्रयोगांतले उंदीर सख्ख्या भावंडांचं निदान 20 पिढ्या प्रजनन करून तयार केलेले असतात. जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ जुळेच. आणि फेटाळणं ही अर्धीच अडचण. वाण जुळत नसेल तर परक्या टी पेशी (छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी) यजमान उंदराच्या बी पेशींना (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) भलत्याच कारणाने चेतवू शकतात. प्रतिपिंडं वाढलेली दिसतात, पण कशामुळे ते सांगता येत नाही.

1966 मधला क्लॅमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला अजूनही सगळ्यांत सुबक वाटतो. किरणोत्सर्गाने उंदरांची स्वतःची प्रतिकारशक्ती मोडली. मग मेंढीच्या तांबड्या पेशींबरोबर (प्रतिपिंडं जागवणारा परका पदार्थ म्हणून) काहींना थायमसच्या पेशी दिल्या, काहींना अस्थिमज्जेच्या, काहींना दोन्ही. दोन्ही मिळालेल्यांत प्रतिसाद नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठा! मग प्रतिपिंडं बनवतं कोण? 1968 मध्ये मिचेल, मिलर आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रावरची खूण वापरून दाखवलं की मज्जेतून आलेल्या पेशी. थायमसवाल्या मदतनीस.

प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी पेशींची कथा मात्र वळणावळणाची. गर्शन आणि कोंडो यांनी 1970 च्या सुमारास अशा पेशींची कल्पना मांडली, पण तिच्यावरचा विश्वास 1980 च्या दशकात उडाला होता. 1995 मध्ये साकागुची यांनी (हेच ते, 2025 च्या नोबेलचे एक मानकरी) पृष्ठभागावर सीडी25 हे प्रथिन असलेल्या पेशी वगळून बाकीच्या टी पेशी थायमस नसलेल्या उंदरांत सोडल्या. स्वयंप्रतिकार रोग (शरीराचा स्वतःवरच हल्ला) उफाळले. वगळलेल्या पेशी वेळेत परत दिल्या तर टळले.