सणासुदीचा ताण: कामं वाटली, पण लक्षात ठेवणं माझ्याकडेच राहिलं (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सणासुदीचे दिवस तोंडावर आले की माझी झोप उडते, आणि यंदा ते आधीच सुरू झालंय. पुढचे काही आठवडे नीट पार पडावेत म्हणून, ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांचा सल्ला हवाय.

घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलं. सुट्टीत दीर-जाऊबाई मुलांना घेऊन येतात, नणंदही राहायला येतात. माणसं चांगली आहेत आणि ती यावीत असं मला मनापासून वाटतं. नवराही कामाला मागे हटत नाही. पण तो विचारतो, "काय करू ते सांग." हे सांगत राहणंच मला दमवतं. कोणाची गाडी किती वाजता येणार, कोणाला कसलं पथ्य आहे, दुकानं बंद व्हायच्या आत सासऱ्यांच्या गोळ्या आणल्या का, कोणाला काय भेट द्यायची आणि गेल्या वेळी काय दिलं होतं, अंथरुणं-पांघरुणं पुरतील का... हात चार जण लावतात, डोकं मात्र माझं एकटीचंच चालतं. यादी करून फ्रिजवर लावली, तर ती वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं! त्यात ऑफिसात सुट्टीच्या आधी सगळं हातावेगळं करा म्हणून वेगळा तगादा.

रात्री अपरात्री जाग येते, मान आखडते, मुलांवर विनाकारण ओरडलं जातं. ऐन सणाच्या दिवशी सगळ्यांशी हसून बोलताना आत मात्र "हे कधी संपेल" असं चाललेलं असतं. याचंच जास्त वाईट वाटतं.

ताणाबद्दल वाचताना होम्स आणि राहे या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली केलेली एक यादी सापडली. आयुष्यातल्या ४३ घटनांना त्यांनी गुण दिलेत, जितका ताण जास्त तितके गुण जास्त. जोडीदाराच्या मृत्यूला १००, सुट्टीला १३, नाताळला १२. म्हणजे आनंदाच्या दिवसांचाही ताण येतो, हे कोणीतरी मोजून ठेवलंय. पण मला खरं पटलं ते पुढचं. सासरच्यांशी खटके २९, झोपेच्या सवयी बदलणं १६, नातलगांच्या गाठीभेटींचं प्रमाण बदलणं १५, खाण्याच्या सवयी बदलणं १५. हे सगळे गुण वेगळे, आणि माझ्याकडे हे सगळं एकाच आठवड्यात येतं.

तर विचारायचं हे, की काम लक्षात ठेवण्यासकट दुसऱ्याकडे कसं सोपवायचं? मोठ्यांना न दुखावता? आणि भेटवस्तूंचा खर्च आवरायचा विषय कसा काढायचा?

---

प्रतिसाद

ताई, तुमचं दुखणं अगदी नेमकं मांडलंत. ॲलिसन डॅमिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली यावर शोधनिबंध लिहिला. घरकामाच्या विचाराचे त्यांनी चार भाग केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग जास्त करून बाईकडे राहतो. तुमची फ्रिजवरची यादी तिथेच फसली. कामं लिहिली गेली, लक्ष ठेवणं तुमच्याकडेच उरलं.

म्हणून सुटी कामं देऊ नका, अख्खं खातं द्या. "पाहुण्यांचं येणं-जाणं" हे खातं नवऱ्याचं: फोन करणं, वेळा विचारणं, आणायला जाणं, गाडी उशिरा आली तर काय करायचं ते ठरवणं, सगळं. मग "फोन केलास का?" असं एकदाही विचारायचं नाही. हे फार अवघड आहे, पण सगळं यावरच अवलंबून आहे. सुरुवातीला काहीतरी राहून जाणारच, तेव्हा राहिलं तरी चालेल असंच खातं आधी द्या. सासऱ्यांच्या गोळ्या सध्या तुमच्याकडेच ठेवा.

---

प्रतिसाद

झोपेपुरतं सांगतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचे झोपेचे अभ्यासक मायकल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर प्रयोग केला होता, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतली कामं लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. मधेच जाग येण्यावर हा उपाय तपासलेला नाही, पण उशाशी कागद-पेन ठेवून पाहा. जाग आल्यावर बराच वेळ झोप लागली नाही तर पडून राहू नका, मंद दिव्यात उठून बसा, घड्याळ बघू नका. दुपारनंतरचा चहा-कॉफी बंद करा. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

आणि एक कळकळीने सांगतो. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर सण संपायची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर "घरात पाहुणे आहेत" म्हणून एक मिनिटही थांबू नका.

---

प्रतिसाद

अगं, मी सासू आहे म्हणून लिहिते. सून सगळं निगुतीने करते तेव्हा आमच्या हातात काही उरत नाही, आणि मग आम्ही बारीकसारीक गोष्टींत बोट घालतो. सासूबाईंना एक खातं पूर्ण दे. "आई, स्वयंपाकात या दिवसांत काय करायचं ते तुम्हीच ठरवा" असं म्हण, आणि त्या ठरवतील ते चालवून घे.

भेटींचा विषय खरेदी सुरू व्हायच्या आधीच काढ. "यंदा फक्त मुलांना भेटी देऊ या, मोठ्यांनी एकमेकांना नको" असं थेट म्हण. बाकीचे मनातून सुटल्यासारखे होतील बघ.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. येण्या-जाण्याचं खातं नवऱ्याला आजच दिलं. स्वयंपाकाचं सासूबाईंना उद्या विचारते. मुलांपुरत्या भेटींचं जाऊबाईंना कळवलं, त्यांनी लगेच होकार दिला.

एकच अडलंय. मधली एक संध्याकाळ कुठेही जायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही, असं मला हवंय. नणंदेला हे मी सांगू की नवऱ्याने?

---

प्रतिसाद

त्यांनीच. बहीण त्यांची आहे. आणि "हिला आराम हवाय" असं नव्हे, "आम्ही ठरवलंय" असं सांगायला सांगा. त्या घरी यायच्या आधी, फोनवर.