प्रीमियम प्रोसेसिंग भरायची वेळ आली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
काल भाचीचा डॅलसहून फोन आला. एच-१बीची (अमेरिकेतल्या नोकरीच्या विसाची) मुदत संपत आलीये, वकील म्हणतोय प्रीमियम टाका, म्हणजे जादा पैसे भरून अर्जाचा निकाल लवकर मागा, आणि १ मार्च २०२६ पासून त्याचे २,९६५ डॉलर झालेत. आकडा ऐकला आणि मला एकदम २०११ आठवलं.

बाबांना सांगलीत ॲटॅक आला, बायपास ठरली. ह्यांचं एच-१बीचं एक्स्टेन्शन अडकलेलं. मंजुरीचा कागद नसताना निघालो तर मुंबईत ब्रीच कँडीला, अमेरिकन वकिलातीत, विसाच्या स्टॅम्पिंगला काय दाखवणार, आणि परत कसं येणार? प्रीमियम तेव्हा १,२२५ डॉलर होतं. कंपनी म्हणाली, कारण घरगुती आहे, तुमचं तुम्ही भरा. भरले क्रेडिट कार्डावर. डॉलर तेव्हा ४५ रुपयांच्या आसपास, म्हणजे ५५ हजार झाले. अकराव्या दिवशी मंजुरी आली आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी बाबांच्या कॉटपाशी होते. डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर "विमानात जेवलीस का?"

ते पैसे मला कधीच जड वाटले नाहीत. पण आज जवळजवळ अडीचपट लागतात. तेव्हा आमच्या एका पगारात एवढे कुठून आणले असते, हेच रात्रभर डोक्यात होतं. तुमच्यावर अशी वेळ आली होती का?

सह्यकडा
ताई, तुम्हाला पैसे भरता तरी आले. ३ एप्रिल २०१७ ला एच-१बीचं प्रीमियमच बंद केलं होतं, सगळ्यांसाठी परत सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. माझी आई त्याच उन्हाळ्यात गेली. केस पेंडिंग, बायकोला सातवा महिना. नाही जाऊ शकलो. दहाव्याला भाऊ घाटावर फोन धरून उभा होता, कावळा शिवेपर्यंत. इथे रात्रीचे अडीच वाजले होते. पाच हजार मागितले असते तरी दिले असते.

बकुळ२२
दादा, वाचून गलबलून आलं. काय लिहू कळत नाही.

पिठलंभाकरी
आमचं कारण गाडीचं लायसन्स. ते विसाच्या तारखेला बांधलेलं. केस पेंडिंग असली तरी २४० दिवस नोकरी करता येते हे खरं, पण ऑफिसला जायचं कसं? आमच्या गावात बस नाही. मुलीला डे-केअरला सोडायला शेजारच्या तेलुगू काकू यायच्या रोज, थंडीत सुद्धा. शेवटी २०२१ मध्ये २,५०० भरले, ९ दिवसांत काम झालं. काकूंना अजून दर दिवाळीला चकली जाते आमच्याकडून.

गोदावरी_नाशिक
मी इथलीच, मुलगा तिकडे. गेल्या वर्षी ओपीटीसाठी (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यासाठी) प्रीमियमचे १,६८५ डॉलर लागले. त्याची जॉइनिंगची तारीख ठरलेली, कार्ड वेळेत नाही आलं तर ऑफर जाईल म्हणाला. जवळजवळ दीड लाख रुपये हो! कर्जाचे तीन हप्ते झाले आमचे. ह्यांनी एफडी मोडली, मुलाला सांगितलं नाही. आता १,७८० झालेत म्हणे.

आंबेमोहर
घाईत लिहिते, कुकर लावलाय. प्रीमियमचं १५ दिवसांत उत्तर म्हणजे मंजुरी नव्हे हे भाचीला नक्की सांगा. आमच्याकडे चौदाव्या दिवशी आरएफई (आणखी कागदपत्रांची मागणी) आली, मग उत्तर पाठवल्यावर दिवस पुन्हा एकपासून. आणि एप्रिल २०२४ पासून कामाचे १५ दिवस धरतात, म्हणजे तीन आठवडे झालेच.

चाफा
नवऱ्याचं प्रीमियममुळे ८ दिवसांत आलं. माझं एच-४ (जोडीदाराचा विसा) आणि ईएडी (कामाचा परवाना) पाच महिने. आधी एकत्र भरलं की सगळं सोबत बघायचे, जानेवारी २०२५ मध्ये ती सोय संपली. एच-४ला प्रीमियम नाहीच, पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी. माझी नोकरी गेली त्यात. सात वर्षांची होती.

बकुळ२२
चाफा, मेसेज केलाय तुला. बघ.

लीड्सकर
यूकेत तेच. सुपर प्रायॉरिटीचे १,००० पौंड, माणशी! आम्ही चौघं. शेवटी ५०० वाली प्रायॉरिटी फक्त माझ्यापुरती घेतली आणि बहिणीच्या लग्नाला एकटा गेलो. बायको-मुलांनी मंगलाष्टकं व्हिडिओवर ऐकली, धाकट्याने तिथूनच अक्षता टाकल्या.

मिरजवाला
कृष्णाकाठ, सांगलीत कुठे? आमचं घर विश्रामबागला.

कृष्णाकाठ
अय्या, आम्ही गावभागातले! सगळ्यांचं वाचतेय. सह्यकडा, तुमचं वाचून फोन बाजूला ठेवला आणि बाबांना कॉल केला. ते ८१ वर्षांचे आहेत आता. आंबेमोहर, आरएफईचं भाचीला कळवलं. तिने ठरवलंय, प्रीमियम टाकणार. निम्मे आम्ही पाठवतोय.

मिरजवाला
मे महिन्यात येतोय गावी. बाबांना काही हवं असेल तर सांगा, परत येताना तुमच्यासाठी भडंग आणतो.