अनुभव धागा : एफ.वाय.च्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) पोरांना कविता-कादंबरी वाचायला कशी लावता?

जून-जुलैत नवीन वर्ग येतो आणि पहिल्याच आठवड्यात हातात गाईड दिसतं. खान्देशातल्या शिकवणाऱ्यांनी जमलेलं आणि फसलेलं दोन्ही लिहावं. गोष्टी नकोत, कृती हव्यात.

जळगाव
सुरुवात बालकवींच्या 'औदुंबर'पासून. आठच ओळी, ४८ मिनिटांच्या एका तासात पुरतात. अर्ध्या पानावर छापा, बाजूला मोठा समास ठेवा. एकदा मोठ्याने वाचा, मग पाच मिनिटं शांतता. पेन्सिलीने फक्त रंगाचे शब्द गोल करायचे. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या आणि शेवटी काळिमा. यादी झाली की पोरं थांबतात, तिथेच पुढचा प्रश्न टाका : हिरवं कुठल्या ओळीनंतर संपतं? पांढरी पायवाट कुठे जाते? वहीत नकाशा काढायला लावा. वाट डोहाशी आली की अर्थाचं ते आपणहून बोलू लागतात.
'औदुंबर म्हणजे अमुक' हे फळ्यावर आधी लिहिलंत तर तास तिथेच संपला. 'कवीला काय म्हणायचंय?' हा प्रश्नही पहिल्या दिवशी नकोच.

यावल
बहिणाबाई घेताना दोन चुका नेहमी होतात. एक, भाषेला सरसकट अहिराणी म्हणणं. ती लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटीदार समाजाची बोली. दुसरी, स्वल्पविराम-उद्गारचिन्हांवर विश्लेषण. त्यांना लिहिता येत नव्हतं, ओव्या दुसऱ्यांनी टिपल्या, पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये आलं. चिन्हं सोडा, कान लावा.
'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' ही एकच ओळ प्रमाण मराठीत लिहायला द्या. बहुतेक 'मन चंचल असते' एवढंच येतं. मग विचारा, हरवलं काय? ढोर गेलं, राखणदार गेला. 'उभ्या' गेलं, म्हणजे नुकसानही गेलं. कापणी झालेल्या शेतात ढोर शिरलं तर कोण एवढं हाकलेल? शेतकऱ्याची पोरगी हे शिक्षकाआधी सांगते.

शहादा
घरी पावरी, भिली किंवा गुजरी बोलणाऱ्यांना थेट प्रमाण मराठीत उत्तर मागितलं की वर्ग गप्प. चौघांचा गट करा, दहा मिनिटं आपल्या बोलीत बोलू द्या, मगच लिहायला लावा. गटात एकजण तरी त्याच बोलीचा जोडीदार हवा, नाहीतर उपयोग नाही.

भुसावळ
कादंबरी अख्खी वाचून या म्हटलं की सारांश पाठ करून येतात. पहिली तीन पानं द्या आणि दोन रकाने : निवेदक काय सांगतो, काय टाळतो.
लेखक आणि निवेदक एकच समजणं हा मोठा घोळ, आणि आपल्याकडे भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' (१९६३) शिकवताना तो हमखास होतो. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, निवेदक पांडुरंग सांगवीकर! आडनाव दिसलं की 'ही नेमाडेसरांची खरी गोष्ट' ठरलंच. उत्तरात 'नेमाडे म्हणतात' खोडून 'पांडुरंग म्हणतो' लिहायला लावा. कंटाळवाणं आहे, पण तिसऱ्या वहीपर्यंत सवय लागते.

धुळे
लेखन १५० शब्दांचंच मागा. तीन शब्द किंवा ओळी अवतरणात हव्यात; 'सुंदर', 'हृदयस्पर्शी', 'अप्रतिम' यांना बंदी. साठ वह्या तपासताना शुद्धलेखन, मांडणी, अर्थ सगळं एकदम लाल केलं तर पोरं फक्त गुण बघतात. पहिल्या खेपेला एवढंच पाहा : दाव्याच्या शेजारी कवितेतला शब्द आहे का? नसेल तर समासात 'कुठे?' लिहा आणि वही परत द्या.