विषय: गावी आणलेला जुना सोफा

मंडळी, नमस्कार.

कॅलिफोर्निया सोडून आर्वी तालुक्यातल्या घरी परतलो, तरी तिथल्या मराठी मंडळाच्या ईमेल-यादीतून नाव काढवत नाही. कंटेनरमधून आणलेला १९९८ सालचा सोफा अजून बैठकीत आहे. शिवण उसवलीय, पिवळा फोम चुऱ्यासारखा गळतो, आणि रांगता नातू दिवसभर त्याच्याच खाली. अशा फोममध्ये आग लवकर लागू नये म्हणून घातलेल्या आगरोधक रसायनांचं लेकीकडून ऐकलं, तेव्हापासून झोप नाही. सौ. म्हणते, त्या फोमच्या उशा भरू. सालदार म्हणतो, गोठ्यात टाकतो, नाहीतर जाळून टाकू न बापा. काय करू?

*

काका, नमस्कार.

उशा नकोत, गोठा नको, आणि जाळू तर मुळीच नका. ब्रोमीनची आगरोधक रसायनं घातलेला फोम जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात.

गादीच्या तळाला ‘टेक्निकल बुलेटिन ११७’ अशी पट्टी आहे का बघा. कॅलिफोर्नियाच्या १९७५च्या त्या नियमात उघडा फोम छोट्या ज्योतीपुढे १२ सेकंद टिकावा लागे. त्यासाठी तुमच्या सोफ्याच्या काळात बहुधा पेंटाबीडीई हे ब्रोमीनचं आगरोधक रसायन घालत. ते फोमशी बांधलेलं नसतं, हळूहळू सुटून धुळीत उतरतं आणि लेकरू हात चोखतं तेव्हा पोटात जातं. थायरॉईडवर आणि मेंदूच्या वाढीवर होणाऱ्या परिणामांची काळजी याचमुळे. अमेरिकेत त्याचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं. कॅलिफोर्नियात २०२० पासून नव्या सोफ्यांत अशी रसायनं घालायला जवळपास बंदीच आहे, पण तुमचा सोफा त्याआधीचा.

नातवाला दुसऱ्या खोलीत ठेवून, तोंडाला फडकं बांधून फोम काढा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नगर परिषदेच्या कचरागाडीत द्या. सांगाडा पुसून ठेवा, त्यावर कापसाची गादी भरून घ्या. आपल्याकडे कापसाला काय तोटा! कापूस धुमसतो मात्र, म्हणून बिडी आणि डासांची अगरबत्ती लांब.

मग फडा मारणं बंद, त्यानं धूळ उडते. रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसा, सोफ्यामागचा कोपराही. कूलरचा झोत त्या कोपऱ्यावर नको. जेवणाआधी पोराचे हात साबणानं धुवा.

*

ताई, पट्टी सापडली, ११७च आहे. फोम आज संध्याकाळीच काढतो, पोराला आजीकडे मागच्या अंगणात पाठवून. पिंजाऱ्याला निरोप धाडलाय. माळ्यावर त्याच काळातली मुलांच्या पलंगाची फोमची गादी आहे, तीही खाली उतरवतो.