प्रेशरमध्ये टीम सांभाळताना खेळातलं नक्की काय कामी येतं?

रात्रीचा_दिवा:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

34 जणांची कंपनी चालवतो, सॉफ्टवेअरचं काम आहे. गेल्या महिन्यात सगळ्यात मोठा क्लायंट गेला, जवळपास निम्मं उत्पन्न त्याच्याकडून यायचं, आता दोन-अडीच महिने पगार निघतील एवढेच पैसे आहेत आणि त्यातच दुसऱ्या एका क्लायंटची रिलीज फसली. त्या दिवशी कॉलवर आमच्या एका डेव्हलपरला मी सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. तो काहीच बोलला नाही, फक्त कॅमेरा बंद केला. तेव्हापासून मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही, काही विचारलं की हो सर म्हणतात आणि अडचण मला तीन दिवसांनी भलतीकडूनच कळते.

प्रत्येक लीडरशिप ट्रेनिंगमध्ये धोनीचा फोटो दाखवून कूल राहा म्हणतात. मला क्रिकेट मनापासून आवडतं, तो माणूसही आवडतो, पण कूल राहायचं म्हणजे सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन नक्की काय करायचं? ज्यांनी खेळ जवळून बघितलाय किंवा स्वतः टीम सांभाळलीय त्यांनी सांगा प्लीज.

मधली_फळी:
धोनीचा स्वभाव आपल्याला उसना आणता येत नाही, त्याच्या मागचा हिशोब मात्र शिकता येतो. 2011 ची फायनल आठवा, 275 चं टार्गेट, 114 वर कोहली आऊट होऊन तिसरी विकेट पडली आणि अख्खी स्पर्धा गाजवलेल्या युवराजला थांबवून हा स्वतः पाचव्या नंबरला आला. स्वतःची त्या वर्ल्डकपमध्ये तोवर एकही फिफ्टी नाही! चुकला असता तर लोकांनी सोडलं नसतं. पण समोर मुरलीधरन होता, ज्याला तो चेन्नईच्या नेट्समध्ये कितीतरी वेळा खेळला होता, आणि क्रीजवर डावखुरा गंभीर असल्यामुळे ऑफस्पिनसमोर दुसऱ्या टोकाला उजव्या हाताचा बॅट्समन हवा होता. म्हणजे निर्णय धाडसी दिसला तरी आधीच्या माहितीवर उभा होता. सगळ्यांना शेवटचा सिक्स आठवतो, मला तो ड्रेसिंग रूमच्या पायऱ्या उतरून येताना आठवतो.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर आत्ता सगळ्यात अवघड काम कुठलं आहे ते बघा, फसलेल्या रिलीजवाल्या क्लायंटसमोर जाऊन बसणं असेल तर तिथे मॅनेजरला पाठवू नका, स्वतः जा.

ग्लोव्ह_पंच:
वरचं पटलं पण मला त्या बंद झालेल्या कॅमेऱ्याचं जास्त वाईट वाटलं.

डिसेंबर 2020, अॅडलेडला 36 ऑलआऊट, कोहली घरी परतला, शमी जखमी, आणि मेलबर्नला कॅप्टन रहाणे. टीममध्ये चार बदल. रहाणे शंभरच्या पुढे गेलेला, जडेजासोबत 121 ची पार्टनरशिप झालेली, जडेजा 49 वर, त्याने फिफ्टीसाठी चोरटी धाव घ्यायला बोलावलं आणि 112 वर रहाणे रनआऊट. आता तुम्ही स्वतः त्या जागी असता तर? इतकी बांधलेली इनिंग दुसऱ्याच्या घाईने गेली. रहाणे जडेजाजवळ गेला, पाठ थोपटली आणि निघून गेला, चेहऱ्यावर वैताग नाही. जडेजा 57 पर्यंत खेळला, मॅच 8 विकेटने जिंकली, पुढे गाबाला 328 चेस करून सिरीजसुद्धा 2-1 ने.

ते दृश्य ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाने बघितलं असणार, पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या गिल आणि सिराजनेही. इथे चूक झाली तर माझं काय होणार हे त्यांना कुणी तोंडाने सांगायची गरजच उरली नाही. तुमच्या टीमने पण त्या कॉलवर तेच बघितलं फक्त उलटं, म्हणून आता हो सर चाललंय. तेव्हा त्या मुलाला केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणून भागणार नाही, सगळ्यांसमोर बोललात तर सॉरीपण सगळ्यांसमोरच, आणि त्यात पण, परंतु काही नको.

हिशोबनीस:
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. खेळात शिट्टी वाजते आणि मॅच संपते, धंद्यात ती वाजतच नाही. शिवाय खेळाडू महिनोन्महिने सराव करून काही तास खेळतात, आपण सराव न करता रोज खेळतो. त्यामुळे शेवटच्या ओव्हरच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात पण पगाराच्या तारखेला कामी येत नाहीत.

हां, सरावाचा भाग मात्र घेण्यासारखा आहे. न्यूझीलंडची रग्बी टीम 2007 च्या वर्ल्डकपला क्वार्टर फायनलमध्येच फ्रान्सकडून 20-18 ने हरली, देशात केवढा गदारोळ झाला, तरीही कोच हेन्री आणि कॅप्टन मकॉ दोघांनाही ठेवलं. मग त्यांनी प्रेशरमध्ये डोकं गरम झालं की ते कसं ओळखायचं, श्वास कसा घ्यायचा, लक्ष परत कसं आणायचं यावर स्किलसारखं काम केलं. 2011 च्या फायनलला पुन्हा फ्रान्सच समोर. त्यांचा पहिल्या पसंतीचा फ्लायहाफ (खेळ चालवणारा आणि बहुतेक वेळा किक मारणारा खेळाडू) कार्टर आधीच जखमी, त्याच्या जागचाही जखमी, तिसरा फायनल चालू असताना बाहेर, आणि मग चौथा, स्टीफन डोनाल्ड, ज्याला काही दिवसांपूर्वी मासे पकडत असताना बोलावणं आलं होतं, त्याने मारलेली पेनल्टी धरून 8-7 ने जिंकले. मकॉ पायाचं हाड मोडलेलं असताना पूर्ण मॅच खेळला (हे मात्र कुणी ऑफिसात करू नये, आजारपणात काम करणं म्हणजे निष्ठा नव्हे).

मला यातून एकच प्रश्न पडतो, तुमचा चौथा माणूस कोण? निम्मं उत्पन्न एकाच क्लायंटवर होतं म्हणजे बेंच रिकामा होता, आणि ते संकट येण्याआधीचं काम होतं.

गोलपोस्ट:
फुटबॉलमधली एक गोष्ट. इस्रायलच्या संशोधकांनी 286 पेनल्टी किक तपासल्या होत्या, त्यात गोलकीपर शंभरातल्या जवळपास 94 वेळा डावीकडे नाहीतर उजवीकडे झेपावला. खरं तर मधेच उभं राहिलं असतं तर बॉल अडवायची शक्यता जास्त होती. तरी झेपावतात कारण उभं राहून गोल खाल्ला तर वाटतं याने काही केलंच नाही. क्लायंट गेल्यावर आपण तेच करतो, रोज नवा रिपोर्ट, संध्याकाळी सहाला अर्जंट कॉल. तुम्ही गेल्या महिन्यात असं किती सुरू केलंय ते एकदा मोजा.

चौथा_दिवस:
@हिशोबनीस शिट्टी वाजत नाही हे खरं, पण टेस्ट क्रिकेट बघा ना. 2001 कोलकाता, फॉलोऑन, समोर सलग 16 टेस्ट जिंकलेली ऑस्ट्रेलिया. तिसऱ्या दिवसाअखेर 254 ला 4, चौथ्या दिवसाअखेर 589 ला 4, लक्ष्मण आणि द्रविड अख्खा दिवस, एकही विकेट नाही. त्या स्कोअरला मॅच कशी जिंकायची असा विचार करत बसलं तर माणूस तिथेच खचेल, लंचपर्यंत, मग टीपर्यंत असंच खेळावं लागतं. आणि त्याआधी लक्ष्मणला तीनवर आणून द्रविडला सहावर नेलं होतं, द्रविडसारख्या माणसाची जागा बदलणं सोपं नव्हतं, त्याने ती मुकाट घेतली आणि 180 केले. अडीच महिन्यांचे दहा आठवडे करा, प्रत्येक आठवड्याला किती पैसे यायला हवेत ते लिहून भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसू दे.

रात्रीचा_दिवा:
सगळ्यांचे मनापासून आभार. गोलपोस्ट, मोजलं, क्लायंट गेल्यापासून चार नव्या मीटिंगा सुरू केल्यात, तीन आजच बंद केल्या. हिशोबनीस, बेंचचं ऐकायला कठीण गेलं पण बरोबर आहे.

सकाळी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि आधी त्या मुलाची माफी मागितली. मग बँकेत किती आहेत तो आकडा सांगितला, हे सांगताना माझा आवाज जरा हलला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग टेस्टिंगवाली मुलगी म्हणाली, सर ती रिलीज त्या आठवड्यात जाऊ शकणार नाही हे आम्हाला आठ दिवस आधीच माहीत होतं. मी विचारलं मग सांगितलं का नाही. ती म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात मला कारणं नकोत.

उद्या त्या क्लायंटकडे मी जातोय. तिला सोबत चला म्हटलंय, आणि त्यालाही विचारलंय, तो सकाळी कळवतो म्हणाला.