परक्यांची भीती : डोक्यातली की सातबाऱ्यावरची?

घणसोलीकर
'परक्यांची भीती हा निव्वळ मेंदूचा खेळ, शिकलेल्यांनी त्यातून बाहेर यावं,' असं काल पामबीचवाल्यांनी इथे लिहिलं. डोकंच फिरलं. पुरावा काय, तर मानसशास्त्रज्ञ ताजफेलचा प्रयोग. ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांना सांगितलं, तू क्ले या चित्रकाराच्या चित्रांवाला, तू कँडिन्स्कीच्या. वाटणी खरं तर आंधळी, तरी पोरांनी आपापल्या गटाला झुकतं माप दिलं. छान! पण झुकतं माप म्हणजे भीती नव्हे. आणि त्या पोरांच्या बापाचं शेत कुणी घेतलं नव्हतं. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, आमची भातशेती, मिठागरं गेली. १९८४ ला जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना त्यानंतर. आज पोरासाठी मजला चढवला तर ते 'गरजेपोटीचं', म्हणजे परवानगीविना बांधलेलं घर, कायम टांगलेलं. वर टॉवरवाले विचारतात, 'तुम्ही इथे कधीपासून?'

पामबीचवाला
अहो, जमीन सरकारने घेतली, टॉवरमधल्या मल्याळ्याने नाही. राग भलत्याच दारावर जातो, तेच म्हणतोय.

नौपाड्याची मामी
दोघंही अर्धं बोलताय. वॉल्टर आणि कुकी स्टीफन या मानसशास्त्रज्ञांनी हे कधीच वेगळं केलंय : एक धोका जागा-पैसा-सत्तेचा, दुसरा रीतीभातींचा. दुसरा बघायचा तर घोडबंदरला आमच्याकडे या. लिफ्टमध्ये नोटीस, 'मासळी शक्यतो आणू नये.' त्यातलं 'शक्यतो' कुणीतरी पेनाने खोडलंय! मी मासे खात नाही, तरी टाळकं सटकलं.

सेक्टर नऊ
पण वास येतोच ना! सुकट भाजली की जिना नकोसा होतो.

घणसोलीकर
आणि तुमच्या हिंगाचा सुगंध?

सेक्टर नऊ
हिंग आणि सुकट एका तागडीत? धन्य!

घणसोलीकर
खाडी आमची, मासळी आमची, नाक तेवढं तुमचं. खिडकी लावून घ्या.

माथाडीचा पोरगा, कोपरखैरणे
मासळी राहू द्या. घणसोलीकर, मुंबईचा घाऊक बाजार वाशीला हलला म्हणून आम्ही इकडे आलो, तेव्हा तुमची पोरं आम्हाला 'घाटी' म्हणून चिडवायची. आता मी काय करतो? यूपीचा पोरगा निम्म्या मजुरीत गोणी उचलतो, आणि माझ्या तोंडात येतं 'हे बाहेरचे'. त्याची माथाडी बोर्डात नोंद नाही. नोंद चुकवून त्याला राबवणारा व्यापारी मला दिसत नाही, दिसतो तो पोरगा.

घणसोलीकर
चिडवलं असेल. पण आम्ही जमीन दिली म्हणून तुम्हाला घर मिळालं, विसरू नका.

माथाडीचा पोरगा, कोपरखैरणे
दिली नाही, घेतली गेली. वर तुम्हीच लिहिलंय.

नौपाड्याची मामी
असलं वैर निवळतं कसं, तेही तपासलंय. मानसशास्त्रज्ञ शेरीफने १९५४ ला अमेरिकेत ओक्लाहोमात पोरांचे दोन गट बक्षिसांसाठी झुंजवले. नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर अन्नाची फेकाफेक. पाणी बंद पडलं, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची वेळ आली, अशा कामांनी हळूहळू वैर निवळलं.

सेक्टर नऊ
मामी, घोडबंदरला पाणी बंदच असतं की! झाली का एकी?

नौपाड्याची मामी
कसली! टँकर आधी ए विंगला की सी विंगला, यावरून परवा सेक्रेटरीची कॉलर धरली. टँकर एक, विंगा चार, मग दुसरं काय होणार?

पामबीचवाला
बरं बाबा, सगळं मेंदूत नाही, अर्धं सातबाऱ्यावर आहे. खूश? पण उरलेल्या अर्ध्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

सेक्टर नऊ
आधी सुकटीचं द्या.