‘पातिना’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
जुन्या इटालियन रेसिंग सायकलींच्या जाहिरातींत, मग ती कोलनागो असो, बियांकी असो की चिनेल्ली, ‘पातिना’ हा शब्द, म्हणजे जुन्या वस्तूवर काळाने चढलेली कळा, हटकून येतो. विकणारा गंजालाही पातिना म्हणतो आणि घेणारा खरी पातिना घासून काढतो. मराठीत याला नेमका शब्द कोणता? ‘झिलई’ चालेल का?

उत्तर
झिलई नको. झिलई आपण मुद्दाम चढवतो, पातिना काळ चढवतो. ‘राप’ म्हणा. उन्हातान्हात रापलेली कातडी मूळचीच असते, फक्त तिच्यावर वर्षे उमटलेली असतात. फिलिप्पो बाल्दिनुच्ची यांनी १६८१ मध्ये फ्लॉरेन्सला कलेचा शब्दकोश काढला, त्यात हा शब्द जुन्या चित्रांवर काळाने येणाऱ्या काळसर झाकेसाठी दिला आहे, आणि चित्रकार तिला ‘कातडी’ही म्हणतात अशी नोंद आहे. राप आणि कातडी, दोन्हीकडे उपमा एकच.

सायकलीवर राप म्हणजे उन्हाने विटलेला रंग, पिवळसर झालेले रोगण, केसासारख्या बारीक भेगा, केबल घासून गुळगुळीत झालेली जागा. गंज म्हणजे राप नव्हे. राप जागच्या जागी राहतो, गंज पसरतो.

त्यावर
राप पटला. पण बाकीच्या खुणांनाही आपल्याकडे चांगले वेगवेगळे शब्द आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. चरा म्हणजे रंगापुरता ओरखडा. टवका म्हणजे रंगाचा तुकडा उडून उघडे पडलेले पोलाद. पोपडा सगळ्यात वाईट, कारण तिथे रंग खालून सुटलेला असतो आणि गंज आत सरकत असतो. नखाने हलके दाबले की कुरकुरतो. पोचा म्हणजे नळीलाच पडलेला खळगा. या सायकलींत वापरल्या जाणाऱ्या कोलंबस कंपनीच्या ‘एसएल’ नळीचा पत्रा टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मधे फक्त ०.६ मिलिमीटर असतो, त्यामुळे हँडल फिरून आपटले तरी वरच्या नळीला पोचा पडतो.

घेताना हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलचा दांडा बसतो त्या पुढच्या नळीच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. जोडापासून दोन ते पाच सेंटिमीटरवर आडवी सुरकुती लागली आणि रंगाला आडव्या चिरा दिसल्या, तर सायकल समोरून धडकलेली आहे. तिला कोणी राप म्हटले तरी घेऊ नका. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडाही हलवून बघा. पोलादात ॲल्युमिनियम जाम झाले असेल तर ते सोडवायला लोक गॅसची ज्योत लावतात, आणि मूळ रंग तिथेच करपतो.

प्रश्न
इटालियन जाहिरातींतले शब्द कसे वाचावेत? आणि ‘क्रोमोवेलातो’ म्हणजे काय?

उत्तर
‘कोन्सेर्वाता’ म्हणजे मूळ रंगरूपात जपलेली. ‘रेस्ताउराता’ म्हणजे दुरुस्त करून नवी केलेली. ‘रिव्हेर्निचाता’ म्हणजे पुन्हा रंगवलेली. हे विकणाऱ्याने सांगितले नाही तरी लग्जवर, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोबणींवर, कोरलेल्या अक्षरांकडे बघा. जाड नव्या रंगाने त्यांच्या कडा बुजून बोथट होतात. केबलच्या क्लँपखालचा रंगही ताडून पाहा, तिथे ऊन लागलेले नसते. ‘रुज्जिने’ म्हणजे गंज.

क्रोमोवेलातो म्हणजे क्रोमच्या मुलाम्यावर रंगीत पारदर्शक रोगण. ‘वेलो’ म्हणजे चेहऱ्यावरची झिरझिरीत जाळी. आपल्याकडे याला सर्वांत जवळचे काम मीनाकारीचे: तिथेही रंगातून खालचा धातू चमकतो. फरक टिकाऊपणात. मीना भट्टीत धातूला चिकटतो, क्रोमवर रोगण नीट धरत नाही. म्हणून टवके लवकर उडतात आणि ऊन लागले की रंग विटतो. अशी सायकल खिडकीजवळ टांगू नका.

बियांकीच्या ‘चेलेस्ते’चा अर्थ आकाशाचा, म्हणजे शब्दशः आपला ‘अस्मानी’. पण प्रत्यक्ष रंग हिरवटाकडे झुकतो, तेव्हा वर्णन करताना ‘पिरोजी’ म्हणा.

प्रश्न
राप जपायचा तर करायचे काय?

उत्तर
आधी धूळ पाण्याने भिजवून काढा, कोरड्या फडक्याने घासू नका. अर्धी बादली कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब, जुन्या धोतराचे मऊ फडके. जोराचा फवारा मारू नका, पोपडे निघतात.

पुढचे काही लावण्याआधी तळाच्या शेलखाली (पायडलचा आस बसतो त्या आडव्या नळीखाली), कोणाला न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीने तपासा. काडीला रंग आला की थांबा. अक्षरांचे जुने स्टिकर बऱ्याचदा उघडेच असतात, वर रोगण नसते; थिनर किंवा पेट्रोलने ते क्षणात विरघळतात. रबिंग कंपाउंड लग्जच्या कडांवर चालवू नका, तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत पोलाद दिसते.

नुसत्या क्रोमवर तांबूस ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलके घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, चरे पडत नाहीत. क्रोमोवेलातोवर मात्र ते मुळीच नको.

टवक्यातला गंज दातकोरणीने खरवडून, रंगाला न लागता स्पिरिटने पुसून, बारीक ब्रशने इनॅमलचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबून. एकच जाड हात दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. शेवटी कार्नोबा मेणाचे दोन पातळ हात.

पुरवणी
नळ्यांच्या आतला गंज विसरू नका. रंगाच्या दुकानात मिळणारे बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, आत ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचे निथळू द्या आणि आठवडाभर वाळवा. बाहेर ओघळलेले लगेच पुसा, नाहीतर रंगावर पिवळा डाग बसतो. पुसलेली फडकी चुरगाळून टाकू नका: वाळताना तेल तापते आणि फडके आपोआप पेटते. पाण्यात भिजवून, मग मोकळी पसरून वाळवा.